पेटीतले बारा कांदे

लोणावळ्यातल्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारावर पाटी माझ्या नावाची आहे, पण प्रयोगशाळा लीलाबाईंची. किल्ल्या त्यांच्या कमरेला. कुठल्या मायक्रोस्कोपचा स्क्रू घसरतो, कुठल्या नळाला सकाळी पाणी येत नाही, कुणी कुठली बाटली जागेवर ठेवली नाही, सगळं त्यांना ठाऊक. पोरांनी परीक्षानळी फोडली की आधी लीलाबाईंचा ओरडा खायचा आणि मग माझा. माझा ओरडा तळमजल्यापर्यंत जातो. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, आता आवाज खाली आणायचा म्हटलं तरी जमणार नाही.

लीलाबाईंचं माहेर कार्ल्याचं, सासर वलवणच्या पुढच्या एका वाडीतलं. शिक्षण सातवी. नवरा चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक करायचा. मुलगा कैलास चार वर्षांचा असताना नवरा काविळीनं गेला आणि लीलाबाई आमच्याकडे रोजंदारीवर बाटल्या धुवायला आल्या. मी तेव्हा आतापेक्षाही चिडकी होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना बजावलं की लेबल वाचता येत नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत त्यांनी सगळी इंग्रजी लेबलं चित्रासारखी पाठ केली आणि येऊन म्हणाल्या, घ्या आता परीक्षा. मी घेतली. एकाही बाटलीला त्या चुकल्या नाहीत. उलट मीच एक बाटली भलत्या खणात ठेवली होती, ती काढून दाखवली. बावीस वर्षं झाली त्याला, अजून आठवण करून देतात.

त्यांना एकच खोड. जिवंत काही दिसलं की त्यांचा जीव तुटतो. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आम्ही वालाची रोपं लावतो, एक कुंडी उन्हात आणि एक खोक्याखाली अंधारात. अंधारातली रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात, एवढंच दाखवायचं असतं. एका वर्षी अंधारातली रोपं पिवळी होईचनात. मी खोक्याच्या फटी बुजवल्या, बियाणं बदललं, मुलांवर संशय घेतला. शेवटी कळलं की बाई रोज जेवणाच्या सुट्टीत खोकं उचलून त्यांना अर्धा तास ऊन दाखवत होत्या. म्हणे, बिचारी गुदमरतात. मी कपाळावर हात मारला. हा किस्सा मी दरवर्षी वर्गाला सांगते आणि वर्ग दरवर्षी हसतो. इतका तोंडपाठ असलेला किस्सा मला नेमक्या वेळी आठवला नाही, त्यामुळे पुढचं सगळं घडलं. ती चूक माझी.

अडीच वर्षांपूर्वी कैलासचं लग्न झालं. सून शिरगावची, नाव स्नेहल. तळेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. पोरगी चुणचुणीत, लीलाबाईंच्या तोंडी सारखं तिचंच नाव. लग्नानंतर सहा-आठ महिन्यांनी तिला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला.

त्यानंतर वाडीनं जे करायचं तेच केलं. लीलाबाईंच्या शेजारी त्यांची चुलत जाऊ राहते, आक्काबाई. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा कारभार. दहा-दहा तास कंपनीत उभं राहायची हौस, मग असंच होणार, असं ती पाणवठ्यावर बोलली आणि चार दिवसांत ते वाडीभर झालं. पण खरा घाव तो नव्हता. तिच्याही आधी, दवाखान्यातून घरी आल्या आल्या, लीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं होतं, तरी मी म्हणत व्हते, नोकरी सोड. एवढंच वाक्य. त्या दिवसापासून स्नेहल सासूशी कामापुरतं बोलायला लागली. भाजी चिरून ठेवलीय. गॅस संपत आलाय. हे लीलाबाईंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही पाठ करून, बेसिनशी उभ्या राहून.

त्यांच्या वाडीवरून हायटेन्शनच्या तारा जातात. धुक्याच्या दिवसांत त्या चरचरतात, खाली उभं राहिलं की ऐकू येतं. गेल्या जानेवारीत एका दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तेव्हा लीलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या तारांखाली राहिल्यानं पोटातल्या जिवाला काय व्हतं का?"

मला ठोक उत्तर द्यायला आवडतं. पण या प्रश्नाचं ठोक उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि ते मी तसंच सांगितलं. जे माहीत होतं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. चुलीत लाकूड जळतं तेव्हा ठिणग्या उडतातच. आपल्या प्रत्येक पेशीतही अन्न जळतं, तिथेही ठिणग्या उडतात, आणि त्या विझवायची सोय पेशीपाशी असते. ठिणग्या जास्त झाल्या किंवा विझवणं कमी पडलं, तर पेशीचं आतलं सामान करपतं. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. तारांतून वीज वाहते तेव्हा आजूबाजूला विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यानं या ठिणग्या वाढतात का, हे जगात पुष्कळांनी तपासून पाहिलंय. काहींना वाढलेल्या दिसल्या, काहींना नाही, आणि एकाला जे दिसलं ते दुसऱ्याला पुन्हा दिसेलच असं नाही.

लीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आपण का नाही बघत?

शेजारच्या टेबलावर शौनक बसला होता. आमच्या विभागातला नवा प्राध्यापक, वय अठ्ठावीस, उत्साह उतू जाणारा. तो लगेच उठला. कांद्यावर बघू, म्हणाला. कांद्याची मुळं चार-पाच दिवसांत वाढतात, नाजूक असतात, पेशी सरळ मायक्रोस्कोपखाली दिसतात. मी म्हटलं, कांदा म्हणजे बाळ नव्हे. तो म्हणाला, नव्हेच, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. पण मलाही मोह झाला. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग शिकवले, एखादा आपला करावा असं वाटलं.

शौनकनं दोन सारख्या लाकडी पेट्या करून घेतल्या. दोन्हींभोवती सारखीच तार गुंडाळली, पण वीज एकीतच सोडायची. तिच्यावर छोटा लाल दिवा लावला, म्हणजे चालू कुठली ते कळावं. वाडीत जाऊन तारांखालचं क्षेत्र मोजून आणलं आणि पेटीत त्याहून थोडं जास्तच ठेवलं. चाकणचे छोटे कांदे आणले. एकेका बाटलीत पाणी भरून तिच्या तोंडावर एकेक कांदा बसवला, बूड पाण्याला टेकेल असा. बारा कांदे विजेच्या पेटीत, बारा बिनविजेच्या. रोज सकाळी बाटल्यांतलं पाणी बदलायचं काम लीलाबाईंकडे. मी सांगितलं, सगळ्यांना सारखं पाणी. बोलून मी वर्गावर निघून गेले.

पाच दिवसांनी पेट्या उघडल्या तेव्हा मी चष्मा पुसून परत पाहिलं. बिनविजेच्या पेटीत बोटभर लांब पांढरीशुभ्र मुळं. विजेच्या पेटीत नखाएवढी, खुरटी. एक रसायन असतं, त्यात मूळ बुडवलं आणि पेशींत त्या ठिणग्यांतलं हायड्रोजन पेरॉक्साइड साठलं असेल तर मुळाला तपकिरी रंग चढतो. विजेच्या पेटीतली मुळं चहासारखी तपकिरी झाली. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. शौनकच्या डोळ्यांत पाणी आलं, मी त्याला हसले आणि मुळं पुन्हा मोजायला घेतली.

लीलाबाईंनी एकेक कांदा उचलून पाहिला. मग म्हणाल्या, म्हणजे सुनेचा दोष नव्हता. मी घाई करू नका म्हटलं, कांदा आणि बाळ यांत फरक आहे हे परत सांगितलं, पण ते त्यांच्या कानात गेलं नाही. एक वर्ष घरात जे कोंडून होतं, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी स्नेहलला सांगितलं, कैलासला सांगितलं, आणि मुद्दाम आक्काबाईला सांगितलं.

आता कैलास हा वाडीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. शौनकनं कौतुकानं मुळांचे फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवले, मला न विचारता. आठवड्याभरात वाडीच्या तोंडाशी बारा बाय आठचा फ्लेक्स लागला. वर तपकिरी मुळांचा कांदा, खाली लाल अक्षरांत 'तारांमुळे पेशी जळतात', त्याच्या खाली मंडळाच्या पंधरा जणांचे गॉगल लावलेले चेहरे. तारा हलवा म्हणून अर्ज तयार झाला, त्याला आमच्या कॉलेजचा अहवाल जोडायचा ठरला. मी शौनकला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिसऱ्यांदा प्रयोग झाल्याशिवाय कागदावर सही करणार नाही, एवढं मात्र त्याला आणि कैलासला बजावलं.

एक चांगलं झालं होतं. आक्काबाईचं तोंड बंद झालं होतं. स्नेहल अंगणात बसायला लागली होती. लीलाबाई म्हणाल्या, काल तिनं मला आपण होऊन चहा दिला.

तिसऱ्या वेळी कार्ल्याला लीलाबाईंच्या भाचीचं लग्न आलं. चार दिवस त्या रजेवर गेल्या, तेव्हा कांद्यांचं पाणी मी स्वतः बदललं. पाचव्या दिवशी कांदे उचलून पाहिले. दोन्हींत सारखीच मुळं. लांब, पांढरी, तपकिरीचा मागमूस नाही. शौनकनं तारा तपासल्या, मीटर लावला, क्षेत्र जिथल्या तिथे होतं. लाल दिवाही लागलेला. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला आणि मी सगळ्या जगावर चिडले, मुख्यतः कांदेवाल्यावर.

सोमवारी लीलाबाई लग्नाचे लाडू घेऊन आल्या. शौनकनं पडल्या चेहऱ्यानं सांगितलं, मावशी, ह्या खेपेला कांद्यांना काहीच झालं नाही. त्यांनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. पाणी कुणी बदललं, असं विचारलं. मी म्हटलं, मी. कुठलं घातलं? फिल्टरचं, दुसरं कुठलं असणार?

त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथे त्यांची स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची तांब्याची छोटी कळशी असते. रोज संध्याकाळी चिंचेनं लखलखीत घासायची, रात्रभर पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी प्यायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची रीत. घरीही अशीच एक कळशी आहे, स्नेहलच्या रुखवतात आलेली. ती कळशी त्यांनी आणून माझ्यासमोर ठेवली. मग बाहेर व्हरांड्यातून दिसणाऱ्या कमळाच्या टाक्याकडे बोट केलं.

"मॅडम, त्या टाक्यात शेवाळ झालं की मी मोरचुदाची पुरचुंडी सोडते. शेवाळ मरतं. मोरचूद म्हंजी तांबंच ना?"

मी म्हटलं, तांबंच.

"मग ते कांदे विजेनं न्हाई करपले. म्या करपवले. लाल दिव्याखाली बसल्यात बिचारे, म्हणून त्यास्नी रोज ह्यातलं पाणी घातलं. बाकीच्यांना फिल्टरचं."

एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले की दोन गटांत एकच फरक हवा. आणि माझ्याच नाकासमोर एका गटाला वीज मिळत होती आणि माया. मी ओरडले. खालून शिपाई वर आला इतकी ओरडले. अंधारातल्या वालाला ऊन दाखवणारी बाई रोज पाणी घालतेय आणि पेटीवर लाल दिवा लावून आपणच तिला सांगतोय की बघ, हे आजारी! हे ओरडणं लीलाबाईंवर नव्हतं, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला जन्मात कळलं नसतं, सुनेवरचा डाग पुसलेला राहिला असता आणि फ्लेक्सही टिकला असता.

माझा आवाज थांबल्यावर त्यांनी खाली बघत विचारलं, "ते तीन महिने मी स्नेहललाबी हेच पाणी देत व्हते. मग तिचं बाळ म्याच मारलं का?"

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मग सांगितलं ते ठामपणे सांगितलं, कारण हे मला माहीत होतं. कांद्याचं मूळ रात्रंदिवस उघडं त्या पाण्यात बुडून असतं आणि तांब्यापुढे ते फार नाजूक असतं. माणसाला तांबं थोडं लागतंच, जास्तीचं यकृत बाहेर काढतं. रसायनशास्त्राच्या विभागाकडून कळशीतलं पाणी तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्यात जेवढं तांबं चालतं त्याच्या कितीतरी कमी होतं, पण कांद्याच्या मुळाला तेवढं पुरेसं होतं. लीलाबाईंनी आकडा ऐकला आणि मान हलवली. घरी गेल्यावर मात्र त्यांनी रुखवताची कळशी रिकामी करून फळीवर पालथी घातली. सगळ्यांना स्टीलच्या पिंपातलं पाणी सुरू झालं.

मी त्यांना आणि स्नेहलला तळेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिथे लीलाबाईंनी सुनेसमोर सगळं सांगितलं, कांदे, कळशी, सगळं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत असे गर्भ पुष्कळ जातात, आणि बहुतेकदा गर्भाच्या पेशींतच सुरुवातीपासून काही बिघडलेलं असतं. ते ना उभं राहिल्यानं होतं, ना कळशीतल्या पाण्यानं. यात कुणाचा हात नसतो. परत येताना एसटीत दोघी शेजारी बसल्या होत्या. लीलाबाई तीन वेळा काही तरी बोलायला वळल्या आणि तीनदा खिडकीबाहेर बघायला लागल्या. स्नेहल पुढच्या सीटकडे बघत राहिली. मी मागे बसून चरफडत होते, पण ओरडून काही उपयोग होण्यासारखं ते काम नव्हतं.

प्रयोग आम्ही नव्यानं केला. लाल दिवा काढून टाकला. कुठली पेटी चालू ते फक्त मला माहीत, बटणावर कुलूप. कांदे मोजणाऱ्या शौनकला फक्त बाटल्यांचे नंबर. मला वाटलं, आता तरी पाण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं. लीलाबाईंनी ते आपल्याकडेच ठेवलं, पण एका अटीवर.

"मला सांगू नका कुठल्या पेटीत करंट हाय ते. मला कळलं की माझा हात वळतो."

हे वाक्य मी आता नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा दोन्ही पेट्यांत सारखीच मुळं. मग वीज बंद ठेवून नुसतं कळशीतलं पाणी घालून पाहिलं, तर मुळं खुरटली आणि तपकिरी झाली. अहवालात शौनकनं नेमकं तेवढंच लिहिलं. एवढ्या क्षेत्रात, एवढ्या दिवसांत, आमच्या कांद्यांत फरक दिसला नाही. यावरून तारा निर्धोक ठरत नाहीत, दोषीही ठरत नाहीत. मी सही केली.

आता वाडीला सांगायचं कुणी? मी म्हटलं मी सांगते, विज्ञान माझं काम. लीलाबाई म्हणाल्या, कांदे माझ्या हातनं करपलेत, मीच सांगणार. कैलास आधी आईवर भडकला. मंडळाची अब्रू जाईल, आणि घरचं काय, पुन्हा सगळे स्नेहलकडे बोट दाखवतील, असं त्याचं म्हणणं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. लीलाबाईंची झोप उडाली होती ती त्याच विचारानं. तरी त्या म्हणाल्या, खोट्या कांद्यावर पोरीची अब्रू किती दिवस टिकवायची?

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापुढे मांडवात बैठक भरली. साठ-सत्तर माणसं, बायका एका अंगाला. लीलाबाईंनी प्रयोगशाळेतली कळशी सोबत आणली होती, आदल्या संध्याकाळी भरलेली, आणि दोन कांदे, एक पांढऱ्या मुळांचा आणि एक तपकिरी. मी मागे खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या सभेत तोंड उघडलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. वालाच्या रोपांपासून सुरुवात केली, लोक हसले. लाल दिवा, कळशी, मोरचूद, हळूहळू हसणं थांबलं. आपलं चुकलं हे त्यांनी दोन वेळा म्हटलं, पण मान खाली घालून नाही, नळी फोडणाऱ्या पोराला सांगतात त्याच आवाजात. मग म्हणाल्या, त्या फ्लेक्सवर माझा कांदा हाय, तो आजच उतरवा. आणि अर्ज करायचाच तर खरं काय ते लिहा. खळ्यावरची तार वितभर वितभर करत खाली आलीय, भाताचे भारे गाडीवर रचले की वर बघून चालावं लागतं, हे सगळ्यांना दिसतंय. त्याला कांदा लागत नाही, टेप लागते. हे मात्र सर्वांना पटलं. कैलासनंच उठून नवा अर्ज लिहायला घेतला. तो अर्ज पुढे गेला आणि पावसाळ्याआधी ती तार ताणून वर घेतली गेली.

पण त्या सकाळी बैठक तिथेच संपली नाही. बायकांतून आक्काबाई उठली. तिनं स्नेहलकडे बघितलं आणि विचारलं, "तारांनी केलं न्हाई, तर मग पोर गेलं कशानं?"

स्नेहल मांडीवरच्या ओढणीची किनार बोटांत घेऊन बसली होती.

लीलाबाईंनी कळशी हातात धरलेली होती. त्या म्हणाल्या, "आक्काबाई, चोर सापडला न्हाई म्हणून शेजाऱ्याला बांधत्यात व्हय? तारांचा दोष दिसला न्हाई म्हंजी तो माझ्या सुनेचा झाला न्हाई. डाक्टरबाईनं सांगितलंय, कुणाचाच न्हाई. आणि तुमी नंतर बोलला. पयलं मी बोलले. दवाखान्यातनं आली तशी मी तिला म्हणाले, नोकरीपायी झालं. ते खोटं व्हतं. हितं सगळ्यांदेखत सांगते, खोटं व्हतं."

आक्काबाई गप्प बसती तर ती आक्काबाई कसली. मग तुझ्याच कळशीनं केलं म्हण की, असं ती पुटपुटली, पण पुरेशा मोठ्यानं.

लीलाबाईंना उत्तर ठाऊक होतं. माझ्याकडून आणि डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी ते दोनदा ऐकलं होतं. पण त्यांनी कळशी पदराआड घेतली. मी ओरडायला खुर्चीवरून उठले होते.

तेवढ्यात स्नेहल उठली. बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढे आली. सासूच्या हातातून तिनं कळशी घेतली, देवळाच्या पायरीवरचं फुलपात्र उचललं, काठोकाठ भरलं आणि सगळ्यांसमोर उभ्यानं घटाघटा प्यायली. मग दुसरं भरून तेही प्यायली. पदर नव्हता, ओढणीनं तोंड पुसलं.

"आत्या," ती म्हणाली, "घरातली कळशी पालथी घातलीय ती उतरवा. उद्यापास्नं मला परत भरून ठेवत जा."

लीलाबाईंनी कळशीचा काठ पदरानं पुसला. चिंच आजच आणते, म्हणाल्या.